यकृताचे शेवटचे दार



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडे मी याच शाळेत रसायनशास्त्र शिकलो. इंदूरसारख्या हिंदीभाषक शहरात मराठीतून विज्ञान शिकवणे सोपे नव्हते. सर फळ्यावर 'एन्झाइम' लिहीत, त्याखाली 'विकर' लिहीत आणि दोन्ही शब्द आमच्याकडून पाठ करून घेत. पुढे वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवण्यात माझी उमेद गेली. त्या सगळ्या विषयातून आजच्यासाठी मी एकच विकर निवडले आहे. त्याचे नाव ग्लुकोज-६-फॉस्फटेज. नाव अवघड असले तरी त्याचे काम फार साधे आहे, आणि ते काम काल रात्रभर तुम्हा प्रत्येकाच्या पोटात, उजव्या बरगड्यांखाली, चालू होते.

एक छोटा हिशेब करू. समजा, रात्री नऊला तुमचे जेवण झाले आणि सकाळी आठला पोहे-जिलबीची पुडी हाती आली. मध्ये अकरा तास गेले. आपला मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम, म्हणजे तासाला ५ ग्रॅम ग्लुकोज जाळतो, आणि आपण झोपलो म्हणून तो काही फारशी काटकसर करीत नाही. आता प्रौढ माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असते किती? तेही सुमारे ५ ग्रॅमच. चहाचा एक चमचा. म्हणजे रक्तातली साखर मेंदूला जेमतेम तासभर पुरेल. रात्रीचे जेवण चार-पाच तासांत आतड्यातून शोषले जाऊन संपते. तरीही पहाटे आपली साखर तपासली तर ती जवळपास तेवढीच भरते. मग ही साखर येते कोठून?

हा प्रश्न फ्रान्समध्ये क्लोद बर्नार या शास्त्रज्ञाने सोडवला. द्राक्षमळ्यात राबणाऱ्या कुटुंबातला हा मुलगा नाटककार व्हायला पॅरिसला गेला आणि वैद्यकाकडे वळला. त्या काळी शास्त्रज्ञांची अशी ठाम समजूत होती की साखर घडवणे हे वनस्पतींचे काम. प्राण्यांनी ती फक्त खावी आणि जाळावी. बर्नारने १८४८ च्या सुमारास कुत्र्यांना नुसते मांस खाऊ घातले, आणि यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात त्याला भरपूर साखर सापडली. पण त्याचा खरा सुंदर प्रयोग १८५५ सालचा. नुकत्याच मारलेल्या प्राण्याचे यकृत त्याने काढून घेतले आणि त्याच्या रक्तवाहिन्यांतून पाण्याची धार सोडून ते इतके धुतले की शेवटी बाहेर येणाऱ्या पाण्यात साखरेचा अंशही राहिला नाही. मग ते तसेच ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी तपासले तर त्याच यकृतात पुन्हा साखर तयार झालेली! रक्त नाही, अन्न नाही, प्राणीही जिवंत नाही, आणि तरी साखर. याचा अर्थ यकृतात असे काहीतरी साठवलेले होते, जे स्वतः साखर नव्हते पण ज्याची साखर होत होती. १८५७ मध्ये त्याने तो पदार्थ वेगळा काढला. तो ग्लायकोजेन. शाळेच्या प्रयोगशाळेत आयोडिनने निळा होणारा स्टार्च तुम्ही पाहिला आहे. ग्लायकोजेन हा त्याचाच प्राणिजगतातला भाऊ, ग्लुकोजच्या हजारो कणांचा फांद्या फुटलेला झुबका. (हिंदीत यकृताला 'कलेजा' म्हणतात. आपण मराठी माणसांनी मात्र 'काळीज' छातीत नेऊन हृदयाला बहाल केले. यकृताची कर्तबगारी पाहिली तर तो मान त्याच्याकडे असायला हरकत नव्हती.)

यकृतात असा ग्लायकोजेन सुमारे १०० ग्रॅम असतो आणि स्नायूंत मिळून त्याच्या तिप्पट-चौपट. येथे एक कोडे उभे राहते. मोठे कोठार स्नायूंचे असताना रात्रीच्या वेळी मेंदूला साखर पुरवायला यकृतच का धावते? स्नायू आपल्या कोठारातला एक दाणाही रक्तात का सोडीत नाहीत?

उत्तर आपल्या विकरात आहे. ग्लुकोज पेशीत शिरले की ताबडतोब त्याला फॉस्फेटचा एक गट चिकटवला जातो. तो चिकटला की ग्लुकोजला पेशीच्या आवरणातून बाहेर पडता येत नाही. गोदामात आलेल्या पोत्यावर मोहोर मारावी आणि मोहोर असलेले पोते फाटकाबाहेर जाऊ नये, तसला हा प्रकार. ग्लायकोजेन मोडला तरी त्यातून निघणारे बहुतेक सारे ग्लुकोज असेच मोहोरबंद असते. ही मोहोर काढण्याचे काम, म्हणजे पाण्याच्या एका कणाच्या साहाय्याने फॉस्फेट तोडून ग्लुकोज मोकळे करण्याचे काम, ग्लुकोज-६-फॉस्फटेज करते. ते यकृतात भरपूर आहे, मूत्रपिंडात आणि लहान आतड्यात काही प्रमाणात आहे, आणि स्नायूंत नाही. म्हणून स्नायूंचे धान्य स्नायूंनीच खायचे, आणि यकृताचे मात्र साऱ्या गावासाठी.

ही सगळी साखळी कडी-कडीने उलगडण्याचे बरेचसे श्रेय एका दांपत्याला जाते. कार्ल आणि गेर्टी कोरी, दोघेही प्राग शहरात १८९६ साली जन्मलेले, वैद्यकाच्या वर्गात भेटलेले, १९२० मध्ये विवाह करून १९२२ मध्ये अमेरिकेला गेलेले. कार्ल यांना प्राध्यापकपद मिळत गेले. गेर्टीबाईंना त्याच प्रयोगशाळेत, त्याच कामासाठी, साहाय्यकाचे पद आणि नाममात्र पगार. १९४७ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला, आणि बाई प्राध्यापक झाल्या त्याही त्याच वर्षी. त्याच वर्षी त्यांना अस्थिमज्जेचा असाध्य रोग झाल्याचे निदान झाले. यानंतरची दहा वर्षे त्या वरचेवर रक्त घेत प्रयोगशाळेत काम करीत राहिल्या. आज मी ज्याविषयी सांगणार आहे ते काम नोबेलच्या आधीचे नाही, नंतरचे आहे, आजारपणातले आहे.

ते समजण्यासाठी मी तुम्हाला एका मुलाची हकिकत सांगतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, मी नवखा अध्यापक असताना, माळव्यातल्या एका खेड्यातून एक बाई तीन वर्षांच्या मुलाला घेऊन रुग्णालयात आली होती. मुलाचे गाल बाहुलीसारखे गुबगुबीत, हातपाय काटकुळे, उंची वयाच्या मानाने कमी आणि पोट असे फुगलेले की यकृताची कड बेंबीच्याही खाली हाताला लागे. अनेकांनी जंतांची औषधे दिलेली होती. आईने मात्र एक गोष्ट सांगितली, जी कोणत्याही चिठ्ठीवर लिहिलेली नव्हती. ती म्हणाली, याला रात्री दोनदा उठवून दलिया भरवला नाही तर सकाळी हा डोळे फिरवतो. ती बाई शाळेत गेलेली नव्हती. पण आपल्या मुलाच्या यकृताचे कुलूप उघडत नाही, हे तिने स्वतःच्या निरीक्षणाने ओळखले होते आणि त्यावरचा इलाजही शोधला होता.

निरोगी माणसाला ग्लुकागॉन या संप्रेरकाचे इंजेक्शन दिले की यकृतातला ग्लायकोजेन मोडतो आणि रक्तातली साखर भराभर चढते. या मुलाला ते दिले, आणि साखर जागची हलली नाही. गच्च भरलेले कोठार, आणि बाहेर उपासमार! जर्मनीत एडगर फॉन गिर्के या विकृतितज्ज्ञाने १९२९ साली शवविच्छेदनात अशीच ग्लायकोजेनने ठासलेली यकृते पाहून या रोगाचे वर्णन केले होते. आत काय बिघडले आहे हे मात्र त्याला कळण्याजोगे नव्हते. कोरी दांपत्याने अशा मुलांच्या यकृताचे नमुने मिळवले, आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध केले की त्यांच्यापैकी सर्वांत गंभीर रुग्णांत ग्लुकोज-६-फॉस्फटेज जवळजवळ नव्हतेच. आनुवंशिक रोगाचे मूळ एका विशिष्ट विकराच्या अभावात आहे, असे प्रत्यक्ष अवयवात मोजून दाखवल्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते. या विकराचा आराखडा सांगणारे जनुक १९९३ मध्ये हाती आले; ते आपल्या १७ व्या गुणसूत्रावर असते. आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तरच रोग होतो. जगात लाखाला एक, इतका तो विरळ आहे.

एका विकराच्या अभावी एवढा हाहाकार का व्हावा, हे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. साखर पुरवण्याचे यकृताचे मार्ग दोन. पहिला, साठवलेला ग्लायकोजेन मोडणे. पण १०० ग्रॅमचा साठा दिवसभराच्या उपवासात बहुतांशी संपतो, मुलांमध्ये तर त्याहून लवकर. म्हणून दुसरा मार्ग, साखर नव्याने घडवणे. धावण्याच्या शर्यतीत तुमच्या स्नायूंतून निघालेले लॅक्टिक आम्ल, प्रथिनांतून सुटलेली ॲमिनो आम्ले, चरबीतून निघालेले ग्लिसरॉल, असला भंगार माल यकृत उचलते आणि त्यातून ग्लुकोज जुळवते. शास्त्रीय नाव ग्लुकोनिओजेनेसिस. हे दोन्ही मार्ग निरनिराळ्या वाटांनी येतात आणि शेवटी एकाच ठिकाणी मिळतात: मोहोरबंद ग्लुकोजपाशी. पुढचे दार एकच. म्हणून ते दार बंद झाले की दोन्ही मार्ग एकदम तुंबतात. अडकलेला माल मागे फिरतो आणि लॅक्टिक आम्ल, चरबी व यूरिक आम्ल होऊन रक्तात चढतो, उरलेला यकृतात साठत जातो. जेवणानंतर तीन-चार तासांत रक्तातली साखर घसरते. त्या आईचे रात्री दोनदा उठणे घड्याळाच्या हिशेबाने अगदी बरोबर होते.

आमच्याजवळ तेव्हा तिला देण्यासारखे याहून वेगळे काही नव्हते. ती मुलाला घेऊन गावी परतली. पुढच्या हिवाळ्यात, घरातल्या एका लग्नाच्या धावपळीनंतर, एका पहाटे ते मूल उठले नाही, असे तिच्या भावाने येऊन सांगितले. दोष कोणाचाच नव्हता. वर्षानुवर्षे कोणती आई रोज रात्री दोनदा उठू शकेल?

मोठ्या देशांत अशा मुलांच्या नाकातून नळी घालून रात्रभर थेंब-थेंब ग्लुकोज देण्याची पद्धत त्याच दशकात सुरू झाली होती. नळी निसटली किंवा यंत्र बंद पडले तर जीव धोक्यात. मग १९८४ मध्ये अमेरिकेतील चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उपाय प्रसिद्ध केला, जो ऐकून प्रथम हसू येते: मक्याचे कच्चे पीठ, म्हणजे कॉर्नस्टार्च, थंड पाण्यात ढवळून पाजायचे. कच्च्या स्टार्चचे कण आतड्यात सावकाश फुटतात आणि कित्येक तास थोडी-थोडी साखर सोडीत राहतात. यकृत जे काम करू शकत नाही ते आतड्याकडून करून घ्यायचे. पीठ शिजवले की सगळा लाभ गेला. कारण शिजवलेला स्टार्च चटकन पचतो. दलियात आणि या पिठात फरक एवढाच, आणि तो तासा-दोन तासांच्या ऐवजी चार ते सहा तासांच्या झोपेचा आहे. या पिठावर वाढलेली मुले आज प्रौढ झाली आहेत, नोकऱ्या करतात, त्यांना मुलेबाळे आहेत. निर्धोक विषाणूच्या कवचातून नीट जनुक यकृतात पोचवण्याचे प्रयोगही माणसांवर झाले आहेत, आणि त्यांत पिठाची मात्रा कमी करूनही साखर टिकल्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये जाहीर झाले.

आता सभागृहातल्या वडीलधाऱ्यांकडे वळतो. तुमच्यापैकी अनेकांना मधुमेह आहे हे मला ठाऊक आहे, कारण व्याख्यानापूर्वीचा चहा कोणी बिनसाखरेचा मागितला ते मी पाहिले. तुम्ही मला नेहमी विचारता, "डॉक्टरसाहेब, रात्री सराफ्याकडे फिरकलोसुद्धा नाही, नुसते ताक पिऊन झोपलो, तरी सकाळी उपाशीपोटी साखर वाढलेली कशी?" ती साखर तुम्ही खाल्लेलीच नाही. ती तुमच्या यकृताने रात्री घडवली. निरोगी शरीरात जेवणानंतर इन्शुलिन रक्तात येते आणि यकृताला आवरते. आपल्या विकराच्या जनुकाचे कामही ते मंदावते, जेणेकरून नवे विकर कमी तयार व्हावे. प्रकार दोनच्या मधुमेहात यकृत इन्शुलिनचे ऐकेनासे होते. दार उघडे राहते, आणि रक्तात आधीच साखर असताना आतून आणखी साखर येत राहते. आपल्यापैकी अनेकांच्या खिशात असलेली मेटफॉर्मिनची गोळी मुख्यतः यकृताचे हे उत्पादन घटवते. १९५७ मध्ये फ्रान्समध्ये ती मधुमेहावर प्रथम वापरली गेली, आणि ती नेमकी कोणत्या कडीवर बोट ठेवते याविषयी शास्त्रज्ञांत अजूनही वाद आहे.

मग सरळ शेवटचे दारच औषधाने बंद का करू नये? औषध कंपन्यांनी तसा प्रयत्न करून पाहिला. प्राण्यांत साखर उतरली. पण यकृतात ग्लायकोजेन आणि चरबी साठू लागली. म्हणजे औषधाने गिर्केचा रोगच निर्माण केला. हे आधीच ओळखता आले असते असे मला वाटते. त्या फुगलेल्या पोटांच्या मुलांनी ते सांगून ठेवले होते.

शेवटी मला एका अशा जागेविषयी बोलायचे आहे जिथे मुलांच्या यकृतातले हे विकर ठणठणीत होते आणि तरीही पहाटे साखर संपून ती गेली. बिहारमधला मुजफ्फरपूर जिल्हा लिचीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. १९९५ पासून तेथे मे-जून महिन्यांत, लिचीच्या हंगामात, लहान मुले पहाटे झटके येऊन बेशुद्ध होत आणि पुष्कळदा काही तासांत दगावत. आदल्या संध्याकाळी ती हुंदडत असत. लोक त्याला 'चमकी' म्हणत. वर्षानुवर्षे मेंदूज्वराच्या विषाणूचा शोध चालला. २०१४ च्या हंगामात भारत आणि अमेरिका यांच्या रोगनियंत्रण संस्थांनी मिळून कसून तपास केला. दोन रुग्णालयांत ३९० मुले दाखल झाली, त्यांतली १२२ गेली. बहुसंख्य मुलांच्या रक्तातली साखर घसरलेली होती, आणि तपासलेल्या लघवीच्या नमुन्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नमुन्यांत हायपोग्लायसिन आणि त्याच्या जातीच्या विषाच्या खुणा होत्या. लिचीत ही द्रव्ये असतात. वेस्ट इंडीजमधल्या ॲकी या फळात हायपोग्लायसिन पूर्वीच सापडले होते. कच्ची ॲकी खाऊन जमैकातली माणसे अशीच दगावत. लिची, ॲकी आणि आपला केस धुण्याचा रिठा एकाच कुळातली झाडे आहेत.

हे विष आपल्या विकराला हात लावीत नाही. ते चरबी जाळणाऱ्या विकरांना अडवते. मग साखरेचा प्रश्न कोठून आला? तुपाची साखर होत नाही हे खरे. चरबीतल्या मेदाम्लांपासून आपले शरीर ग्लुकोज घडवू शकत नाही. पण साखर नव्याने घडवायला जे इंधन लागते ते मेदाम्लांच्या ज्वलनातून मिळते. शिवाय त्या ज्वलनातून निघणारे ॲसिटिल-को-ए हे द्रव्य नवनिर्मितीच्या पहिल्या पायरीवरच्या विकराला, पायरुव्हेट कार्बोक्झिलेजला, 'चल, लाग कामाला' असा इशारा देते. चरबीची भट्टी विझली की इंधनही नाही आणि इशाराही नाही. पोटभर जेवून झोपलेल्या धडधाकट मुलाचे यकृत ग्लायकोजेनवर रात्र काढू शकते. कुपोषित मुलाचे कोठार मुळात लहान. ते दिवसभर बागेत पडलेल्या लिच्या खाते, संध्याकाळी भूक नाही म्हणून किंवा घरात काही नाही म्हणून न जेवता झोपते. मध्यरात्रीनंतर ग्लायकोजेन संपतो, आणि नवी साखर घडवायला निघालेले यकृत पहिल्याच पायरीवर थबकते. २०१४ च्या त्या तपासात रात्रीचे जेवण न झालेल्या मुलांना धोका स्पष्टपणे अधिक आढळला, आणि लिचीचे विष त्यांच्याच बाबतीत विशेष घातक ठरलेले दिसले. उन्हाच्या तडाख्यासारखी इतर कारणेही काही तज्ज्ञ मांडतात. ती मी नाकारीत नाही. पण साखर घसरल्याची नोंद रक्तातच सापडली आहे.

तपास करणाऱ्यांनी सांगितलेले उपाय असे होते: हंगामात मुलांना लिची मर्यादित द्यावी, रात्री जेवू घातल्याशिवाय निजवू नये, आणि झटका आलेले मूल दवाखान्यात येताच इतर कशाची वाट न पाहता रक्तातली साखर मोजून शिरेतून ग्लुकोज द्यावे. हा संदेश खेडोपाडी पोचवला तेव्हा आकडे खाली आले. २०१९ च्या जूनमध्ये, कडक उन्हाळ्यात, मुजफ्फरपुरात पुन्हा शंभराहून अधिक मुले गेली.

लिची खायची की नाही, असा प्रश्न मागच्या बाकांवरून येणार हे मला दिसते आहे. जेवून खा, पिकलेली खा, सुखाने खा. आणि नववीच्या विद्यार्थ्यांनी कच्च्या व शिजवलेल्या स्टार्चचा प्रयोग करून पाहायचा असेल तर तो येथल्या प्रयोगशाळेत होण्याजोगा आहे: दोन परीक्षानळ्या, मक्याचे पीठ, थोडी लाळ आणि आयोडिन. एका नळीत कच्चे पीठ, दुसरीत उकळून थंड केलेले. दर पाच मिनिटांनी एक-एक थेंब काढून निळा रंग कोणत्या नळीत आधी जातो ते टिपून ठेवा. साहित्य मी बरोबर आणले आहे. अध्यक्षांची परवानगी असेल तर कार्यक्रमानंतर आपण खाली प्रयोगशाळेत जाऊ.